हंसाचा कान

कमलाकांतने भर बैठकीत उठून शब्द दिला, तेव्हा हंसा बायकांच्या घोळक्यात बसली होती. तिने कपाळाला हात लावला. नवरा तिचाच. बोलायच्या आधी घरात एकदा विचारावं, एवढी साधी गोष्ट ह्या माणसाला बारा वर्षांच्या संसारात कधी सुचली नव्हती, ती आज कुठून सुचणार?

विषय होता सुगंधाच्या लग्नाचा. सुगंधा ही गोदूमावशीची नात, आणि गोदूमावशी ही मुरबे गावची धवलारीण, लग्नाची गाणी गाणारी. चाळीस वर्षांत गावातलं एक लग्न तिच्या गाण्याशिवाय लागलं नव्हतं. हळद कुटायची तर तिचं गाणं, मांडवाचा खांब रोवायचा तर तिचं गाणं, नवरीला न्हाऊ घालायचं त्याचं निराळं, नवरा मांडवात शिरतो त्याचं निराळं, आणि ती सगळी बाईच्या तोंडात. कागदावर म्हणून एक ओळ नाही. भटजी तासभर उशिरा आला तरी लोक वाट बघायचे, पण मावशी आल्याशिवाय हळदीच्या वाटीला बोट लावायची कुणाची टाप नव्हती.

पण दोनेक वर्षांपासून बोईसरहून भोंगे यायला लागले. माडाला बांधायचे आणि द्यायचे सोडून. मावशीपुढेही माइक धरायचे, मान द्यायचे, नाही असं नाही. पण त्या पत्र्यातून तिचा आवाज असा फाटून बाहेर पडायचा की शब्द कुठला आणि खरखर कुठली, ते देवालाही कळू नये. गेल्या माघात एका हळदीला पोरं हसली. तोंडावर हसली. मावशीने गाणं अर्ध्यावर टाकलं, पायात चपला घातल्या आणि घरी येऊन सांगितलं, "आता मी नाय गानार. लावा तुमचा भोंगा."

बाई हट्टाची. सख्ख्या नातीचं लग्न ठरलं तरी नाही म्हणजे नाही. सुगंधाने दोन दिवस जेवण सोडलं, तरी म्हातारी बधेना. शेवटी बैठक बसली आणि कुणीतरी म्हणालं, जाऊ द्या, कॅसेट लावू, आजकाल सगळीकडे तेच चालतं. तेव्हा हा उठला.

"मी आवाजाच्या पेट्या बनवतो," कमलाकांत म्हणाला. "मावशीचा शब्द न् शब्द पार खाडीपर्यंत जाईल आणि फाटनार नाय. नाय जमलं तर परत ह्या गावात मी पक्कड हातात धरनार नाय."

मावशी त्याच्या आईची सख्खी बहीण. तिने त्याच्याकडे बघितलं. "एकदा आयकीन, कमल्या," ती म्हणाली. "माजाच आवाज आला तर गाईन. नाय आला तर परत कोनी माज्या दारात यायचं नाय."

लग्नाला तेव्हा महिना होता. साल शहाऐंशी.

कमलाकांत बोईसरला एका कारखान्यात प्रेसवर होता. दिवसभर पत्रे कापणारा तो धाडधाड ठोका, आणि घरी आला की रेडिओ, टेप, अडगळीतले ॲम्प्लिफायर. गावात कुणाचंही यंत्र बंद पडलं की इकडेच यायचं. हंसा पहाटे मासळीची पाटी घेऊन बोईसरच्या बाजारात जायची, दुपारी परत यायची, आणि भात लावायच्या आधी चुलीजवळचे स्क्रू वेचायची. ह्या पेट्या कशा असतात ते तिला ऐकून ऐकून पाठ झालं होतं. एका खोक्यात दोन स्पीकर, एक मोठा, एक धाकटा. जाड आवाज मोठ्याने बोलायचा, बारीक आवाज धाकट्याने, आणि कुणाला काय द्यायचं त्याची वाटणी करायला मध्ये तांब्याच्या तारेचं वेटोळं आणि एक कपॅसिटर. भोंग्यात सगळं एकालाच करावं लागतं, म्हणून तो बोंबलतो, असं कमलाकांतचं म्हणणं. ते तिला पटलंही होतं.

स्पीकर त्याने मुंबईहून आणले. खोकी करायला सांगितली धर्माजीकाकाला. धर्माजीकाका म्हणजे होड्या बांधणारा सुतार, किनाऱ्यावर त्याच्या हाताला तोड नव्हती. कमलाकांतने कागदावर काढून दिलं: वर लहान गोल, खाली मोठा गोल, आणि त्याच्याही खाली मुठीएवढं भोक, हवा खेळायला.

आठ दिवसांनी काका हातगाडीवर खोकी घेऊन आला. जुन्या होडीचं सागवान, सांधा कुठे दिसेल तर शपथ, आणि वरून माशाचं तेल चोपडलेलं, की घर दहा दिवस त्याच वासाचं झालं. सगळं झकास. फक्त ते मुठीएवढं भोक दोन्ही खोक्यांत फळी मारून, कापूस ठासून, वर राळ ओतून बंद केलेलं.

"काका, हे काय केलंत?"

"भोक पडलं होतं, बुजवलं," काका म्हणाला.

"पडलं नव्हतं, ठेवायचं होतं. कागदावर काढलं होतं मी."

"काढलं होतंस. मना वाटलं तू चुकलास. साठ होड्या बांदल्या मी, कमल्या. एकीला भोक ठेवलं नाय, आनि तुज्यासाठी ठेवू?"

त्याला कोण समजावणार? कमलाकांतने पटाशी घेतली आणि एका खोक्याचं भोक उघडायला बसला. होडीची राळ ती. दोन तास गेले, पटाशीची धार गेली, अंगठा सोलला, तेव्हा कुठे एक भोक मोकळं झालं. दुसऱ्याला हात लावायची ताकद उरली नाही, आणि उद्यापासून पहिली पाळी होती. दुसरं तसंच बंद राहिलं. हंसा भांडी घासता घासता तोंडाला पदर लावून हसत होती.

हसू फार दिवस टिकलं नाही. कमलाकांतने तार गुंडाळली, जोडली, टेप लावला, आणि तो आवाज कानात शिरताच हंसाच्या दाढा शिवशिवल्या. वरचा बारीक स्पीकर सुईसारखा टोचत होता.

"आवो, वरचं जरा जास्त होतंय," ती म्हणाली.

"जास्त? उलट दबलंय," तो म्हणाला. "अजून उघडायला पायजे." आणि त्याने बारीक स्पीकरला आवर घालणारा रेझिस्टर होता तोही काढून टाकला.

हंसा चुलीकडे वळली. खरं काय ते तिला माहीत होतं. दोन पावसाळे झाले, तिच्या लक्षात येत होतं. कानाशी डास गुणगुणला तरी हा हलायचा नाही. ती म्हणायची, दमतो बिचारा, गाढ झोपतो. मग एकदा जागेपणीही तसंच झालं. डास कानावर, आणि हा वर्तमानपत्र वाचतोय. बारा वर्षं प्रेसच्या ठोक्यात उभा राहिलेला कान, त्याचा वरचा शेंडा झडून गेला होता. बोलणं नीट ऐकू यायचं, म्हणून त्याला स्वतःला पत्ता नव्हता. आणि ज्याची अख्खी ऐट कानावर, त्याला हे सांगायचं कुणी?

शुक्रवारी कारखान्याला सुट्टी. त्या दिवशी सकाळी मावशी ऐकायला आली. नवं लुगडं नेसून आली होती, हे हंसाने बघितलं. म्हातारीला गायचं होतं. हट्ट वरवरचा होता, आत तिला नातीच्या लग्नात गायचंच होतं.

कमलाकांतने माइक दिला, टेपवर आवाज घ्यायचीही सोय केली. मावशीने डोळे मिटले, हळदीचं गाणं धरलं. पेट्यांतून जे आलं ते मोठं होतं, लांब जाणारं होतं, आणि प्रत्येक 'स' आणि 'च' कढईत बोंबील सोडावा तसा चुरचुरत होता. उघड्या भोकाची पेटी वर भुंभुं घुमत होती. पाच-सहा ओळींत मावशी थांबली.

"ही मी नाय," ती म्हणाली. रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "ही कोनतरी तेलात पडलेली बाई हाय. जाऊ दे, कमल्या. तू मेहनत केलीस, पन जाऊ दे."

कमलाकांतला तो आवाज सुंदर वाटला होता, हे त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

हंसा मावशीच्या मागे धावली. आळीच्या टोकाला गाठून तिचा हात धरला. "पुढच्या शुक्रवारी एकदा या, मावशी."

"नाय."

"त्यांच्यासाठी नको. माज्यासाठी या. माज्या लग्नात तुमी सकाळपासून गात होता, मी आयकत होते. माज्या कानात हाय तुमचा आवाज."

मावशीने हात सोडवला नाही. "एकदा," ती म्हणाली. "रविवारी लग्न हाय. त्याच्यानंतर बोलायला येळ नाय."

घरी कमलाकांत पक्कड, जोडाला कथलाचा डाग द्यायची इस्त्री, तारा, सगळं एका पिशवीत भरत होता. शब्द दिला होता ना, पाळायला निघाला होता. हंसाने पिशवी ओढून घेतली.

"बसा हितं. भिंतीकडे तोंड करा."

"काय?"

"करा म्हनते ना."

तिने मोठ्या स्पीकरची तार काढली, बारीक तेवढा ठेवला, टेप लावला. "आता मी धाकट्याची तार काढनार आनि लावनार. कदी लावली ते बोटाने सांगायचं."

तिने तार काढली, लावली, काढली, लावली. खोलीभर सळसळ यायची आणि जायची. भिंतीकडे तोंड केलेला कमलाकांत एकदाच बोट वर करून बसला होता, तेही तार सुटलेली असताना. हंसाला रडू फुटलं. तिने टेप बंद केला.

"झालं?" तो म्हणाला. "कितीदा लावलीस?"

"आठ वेळा."

तो वळला. तिचे डोळे बघितले आणि त्याला कळलं. आधी चिडला. तारच खराब आहे म्हणाला, टेपचं हेड घासलंय म्हणाला, तू बाजार करणारी बाई, तुला काय कळतंय म्हणाला. तिने सगळं ऐकून घेतलं. मग त्याने स्वतःच उठून तार लावली, स्पीकरच्या तोंडाशी कान नेला, आणि तसाच बसून राहिला. भाताला जळका वास आला तेव्हा दोघं भानावर आले.

"गावात कोनाला सांगू नको," तो म्हणाला. "बहिऱ्याने बाजा केला म्हनतील."

"नाय सांगत. पन आता कान माजा आनि हात तुमचा. मी सांगेन तसं करायचं. बडबड नाय करायची."

"तुला त्यातलं—"

"बडबड नाय," हंसा म्हणाली.

आणि मग आठवडाभर त्या घरात जे चाललं ते बघायला गाव हवं होतं. संध्याकाळी तो पाळीवरून आला की ती समोर पाटावर बसायची, टेपवर मावशी गायची, आणि हंसा फर्माने सोडायची. तिच्याजवळ त्या धंद्यातला एक शब्द नव्हता. तिने आपले शब्द केले. चुरचुर आली की 'तळण'. आवाज हंड्यात बोलल्यासारखा झाला की 'हंडा'. तळण म्हटलं की तो रेझिस्टर वाढवायचा, धाकट्याला आवर घालायचा. अजून तळण. अजून वाढव. आता मेली बाई, तोंडात पदर कोंबल्यासारखी झाली. थोडा कमी कर. असं चार रेझिस्टर बदलले तेव्हा तळण गेलं.

मग पेटीचा तंटा निघाला. भोक उघडलेली पेटी घुमायची, बंद पेटी नाही. हंसाने दोन्ही आलटून पालटून दहादा ऐकल्या. "धर्माजीकाकाची बरोबर हाय," ती म्हणाली. "बुजवा ते भोक."

"अगं, पुस्तकात भोक दिलंय."

"पुस्तकात मावशी गाते का?"

तो धर्माजीकाकाकडे गेला आणि खालच्या मानेने म्हणाला, काका, भोक बुजवून द्या. काकाने बुजवून दिलं. आठ दिवस किनाऱ्यावर त्याची मान ताठ होती.

तरीही आवाज मावशीचा होईना. शब्द लांब कुठेतरी, भिंतीपलीकडे बोलल्यासारखे. कमलाकांतला तेवढ्यावरून अंदाज आला. मोठा स्पीकर लवकर गप्प होत होता आणि धाकटा उशिरा बोलायला लागत होता, मधला आवाज कुणाच्याच वाट्याला येत नव्हता. त्याने तारेच्या वेटोळ्याचे वेढे सोडायला घेतले. दहा सोडले, डाग दिला, ऐक. अजून दहा. अजून पाच. हंसाला मध्येच वाटायचं, आपल्या कानात आता टेपचाच आवाज बसलाय, खरा विसरतोय. की ती उठायची आणि वाटी घेऊन मावशीकडे मीठ मागायला जायची. दोन शब्द बोलायची, म्हातारीचं बोलणं कानात भरून घ्यायची आणि पळत परत.

तिसऱ्या खेपेला मावशी म्हणाली, "हंसा, तुज्या घरात मासे खारवतात. मीठ संपलंच कसं?"

"संपलं खरं," हंसा म्हणाली आणि पळाली.

बुधवारी वेढे जुळले. शब्द पुढे आले, दारात उभे राहिले. पण एक शेवटचं कुसळ राहिलं होतं. "दोन बाया गातायत असं वाटतंय," हंसा म्हणाली. "एक जाड, एक बारीक. दोगी बरोबर गातायत, पन दोगी हायत." कमलाकांतने डोकं खाजवलं. मग धाकट्या स्पीकरच्या दोन तारा काढल्या आणि उलट्या जोडल्या, हिची तिला, तिची हिला.

टेप सुरू झाला आणि हंसा पाटावरून उठली. समोर खोकं नव्हतंच जणू. मावशी बसली होती. पानाने रंगलेल्या तोंडाने, ओळीच्या शेवटी श्वास घेत, हंसाच्या लग्नात गायली तशी.

"काय झालं?" कमलाकांत घाबरून म्हणाला. "बिगडलं का?"

हंसाने नाही अशी मान हलवली आणि त्याच्या हातातली पक्कड काढून बाजूला ठेवली.

शुक्रवारी मावशी आली, ह्या खेपेला जुन्याच लुगड्यात. तिने गाणं धरलं, एक ओळ, दोन ओळी, आणि पुन्हा मध्येच थांबली.

"माजी आय अशी गायची," मावशी म्हणाली. पेटीच्या फळीवर तिने हात ठेवला. "मना वाटायचं, माजा गळा तसा कदी झालाच नाय. हा माजा हाय?"

"तुमचाच, मावशी."

म्हातारी खाली बसली. पुढचं सगळं गाणं तिने डोळे उघडे ठेवून गायलं, पेटीकडे बघत.

शनिवारी संध्याकाळी सुगंधाची हळद. मांडवाच्या दोन्ही बाजूंना दोन पेट्या, माशाच्या तेलाने चकाकणाऱ्या. मावशीने माइक घेतला आणि आळीआळीतून माणसं निघून मांडवाकडे आली. वलांडीच्या दोऱ्यांवर बोंबील वाळत घालणाऱ्या बायांनी हात थांबवले. खाडीत होडी लावणारे दोघे नंतर सांगत होते, पाण्यावर प्रत्येक शब्द कळत होता, नवरीच्या आज्याचं नाव घेतलं तेही कळलं. जी पोरं माघात हसली होती ती पुढे येऊन मांडी घालून बसली होती. चाळीस वर्षं जी गाणी गोंगाटात अर्धीमुर्धी ऐकली, ती अख्ख्या गावाने पहिल्यांदा सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकली. सुगंधा हळदीने माखलेल्या गालांनी रडत होती आणि पुसायची सोय नव्हती.

मावशी पान खायला थांबली तेव्हा नवऱ्यामुलाचा मामा उठला. सातपाटीचा मोठा माणूस, दोन ट्रॉलर दारात.

"पेट्या कोनी केल्या?" त्याने विचारलं. "असा आवाज मी मुंबईत आयकला नाय. कोनाचा कान हाय हा?"

सगळ्यांनी कमलाकांतकडे बघितलं. पोरांनी त्याला ढकलत पुढे आणलं, हातात माइक दिला. हंसाने मान खाली घातली. तिने शब्द दिला होता आणि तो ती मरेपर्यंत पाळणार होती. काही वाईट वाटत नव्हतं तिला. थोडं वाटत होतं, नाही असं नाही.

"हात माजा हाय," कमलाकांत म्हणाला. त्याचा आवाज दोन्ही पेट्यांतून स्वच्छ आला, त्यातला कंपसुद्धा. "कान नाय. माजा कान प्रेसने खाल्ला. बारीक आवाज मना येतच नाय, कदीचा येत नाय, आनि ते मना ठावं पन नव्हतं. मी लावल्या तेवा मावशी रडत गेली. ह्या पेट्या हंसाने लावल्यात. पाटावर बसून, एकेक वेढा सोडायला लावून. तुमाला पेट्या पायजे असतील तर तिला इचारा. ती हो म्हनाली तर मी डाग देईन."

हंसाला वर बघवेना. शेजारच्या येसूबाईने तिला कोपराने ढोसलं, "उठ की," आणि ती उठली, हाताला बाजाराचा वास, केस विस्कटलेले, आणि उभी राहिली.

मामाने तिला हात जोडले. बाजारात मासे विकणाऱ्या बाईला भाव करताना लोकांनी हात जोडलेले तिने बघितले होते. असे जोडलेले कधी बघितले नव्हते.

"बस झालं," मावशीने माइक ओढून घेतला. "आयकलं ना सगळ्यांनी? आता गप बसा, पोरीची हळद सुकत चाललीय. आनि हंसा, आता मीठ मागायला आलीस तर आत येऊन बस. चोरावानी दारातनं पळू नको."

लोक हसले, आणि त्या हसण्यावरच मावशीने वरचा सूर लावला. कमलाकांतने हंसाकडे बघितलं. त्या सुराचा शेंडा त्याला ऐकू येत नव्हता, तो तिच्या चेहऱ्यावर बघत होता. तिने मान हलवली, बरोबर आहे. मग तो तिच्या शेजारी, बायकांच्या घोळक्यात, अख्ख्या गावादेखत मांडी घालून बसला.